उसनं नाव

आमच्या घरात नावं नवी येत नसत, जुनीच फिरत. एक माणूस गेलं की त्याचं नाव रिकामं व्हायचं आणि पुढचं पोर त्यात जाऊन बसायचं, थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर चढावा तसं. माझं नाव काशी. हे आजीच्या सासूचं नाव. आता गंमत अशी की आजीला सासूचं नाव घ्यायची चोरी, आईला तर आजेसासूचं म्हणून दुप्पट चोरी, आणि काकीलाही तीच. म्हणजे माझं नाव ठेवलं खरं, पण दिवसभर घरात असणाऱ्या तिन्ही बायकांपैकी एकीलाही ते तोंडातून काढता येत नव्हतं. मी सगळ्यांची ‘बाय’. बाबा तेवढे होडीवरून आले की ‘काशे, पानी दे’ म्हणून हाक मारायचे, आणि मी पळत जायचे. पाण्यासाठी नव्हे, नावासाठी. वडील दर्यावर असले की पाच-सहा दिवस मला नावच नसायचं. मी आजही कुणी ‘काशीताई’ म्हटलं की पहिल्या हाकेला ओ देते, त्याचं कारण हे.

हे सगळं आत्ता डोक्यात घोंघावतंय त्याला कारण माझी भाची, भावाची मुलगी तन्वी. तिला मुलगा झालाय आणि त्याला नाव हवंय. रोज सकाळी माझा मोबाइल वाजायला लागतो. ‘आत्या, हे कसं वाटतं?’ मग एक नाव, ज्यात एक तरी जोडाक्षर असतंच. ‘आत्या, याचा अर्थ सूर्याचा पहिला किरण असा आहे.’ ‘आत्या, हे आमच्या अख्ख्या कॉम्प्लेक्समध्ये कुणाचंच नाही.’ तिला कुणाचंच नसलेलं नाव हवं आहे. मी तिला एकदा म्हटलं, अगं, कोरं कापड अंगाला टोचतं, जरा वापरलेलं बघ. तिने हसणारी पिवळी तोंडं पाठवली. बाळ तिकडे बोईसरला रडतंय, मी इकडे पालघरला तिसऱ्या मजल्यावर खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारतेय. आजी म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी हाय. साठी आली तरी ती भिंगरी थांबलेली नाही.

तर तेव्हाचं सांगते. तारापूरच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे आमचं घर. पुढे अंगण, अंगणाच्या पुढे बांबूच्या वलांड्या, त्यांवर तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बोंबील. वारा सुटला की ते सगळे मिळून हलायचे आणि सुकल्या पानांसारखा आवाज करायचे. त्या वासाची आम्हाला कधी शुद्धच नव्हती. बोईसरच्या बाजारात आईच्या पाटीजवळून नाकाला रुमाल लावून जाणारे लोक दिसले की मला वाटायचं, यांना सर्दी झालीय. घरात आजी, बाबा, आई, मी आणि काकी. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, रखमा. आणि तो धाकटा भाऊ, माझा काका, घरात नव्हता. सगळा घोळ त्यामुळेच.

काका वेरावळकडे मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. आमच्याकडचे पुष्कळ जण जात, अजूनही जातात. हंगाम संपला, इतर गावांतले परत आले, काकाची बोट आली नाही. कुणी म्हणालं बुडाली. कुणी म्हणालं, पाण्यातली हद्द ओलांडली, पलीकडच्यांनी धरली, सगळे तुरुंगात आहेत. ना पत्र, ना मढं. धरलेले लोक पुष्कळ वर्षांनी सुटून येतात, हे किनाऱ्यावरच्या सगळ्यांना माहीत असतं, आणि बुडालेले कधीच येत नाहीत हेही. काकी या दोहोंच्या मधे राहत होती. लग्न होऊन जेमतेम दीड हंगाम झालेला, मूलबाळ नाही. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या काकणांचा चुडा, एक काकण वाढवलं की बाजाराच्या दिवशी पहिलं काम दुसरं भरणं. गावातल्या बायका पाठीमागे कुजबुजायच्या, हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर डोळ्यांनी बोलायच्या. काकी न बोलावता जायची आणि पहिल्या रांगेत बसायची. पण घरी ती एका जागी ठरत नसे. भाकरी तव्यावर टाकून दारात, दारातून अंगणात, अंगणातून खाडीच्या कडेला. भाकरी मी उलटायचे. आम्ही दोघी अशा सुटलेल्या पायांच्या, म्हणून आमचं जमायचं.

त्याच वर्षी आईला मुलगा झाला. माझ्यानंतर दोन पोरं राहिली नव्हती, त्यामुळे या पोराचं कौतुक काय सांगावं. पाचवी पूजली, सटवाईपुढे कोरा कागद आणि बोरू ठेवला, सगळं रीतसर झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून पोर रडायला लागलं. साधं रडणं नव्हे. मूठ वळून, पाय पोटाशी घेऊन, निळं पडेपर्यंत. आईला दूध येत होतं, पण तोंड लावलं की ते मान फिरवायचं. आजीने मुशी माशाचं कालवण केलं, बाळंतिणीला त्याने दूध चढतं म्हणून; आळिवाची खीर झाली, ओव्याची धुरी झाली, वाकळेखाली विळा ठेवून झाला. बाबा त्याला छातीशी बांधून बोईसरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, बाटली दिली, वजन कमी होतंय म्हणाले. बाटली संपली. रडणं संपलं नाही. झोळीची दोरी ओढण्याचं काम माझ्याकडे होतं. वरच्या वाशाला दोरी घासून किर्र किर्र आवाज व्हायचा, आणि त्याच्यावर ते रडणं. अजूनही एखादं दार तसं वाजलं की माझा हात आपोआप ओढल्यासारखा होतो.

आमच्याकडे असं रडणाऱ्या पोराला एकच उपाय. पोर उगाच रडत नाही. घरातलं कुणीतरी त्याच्या रूपाने परत आलेलं असतं आणि तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून ते चिडलेलं असतं. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने घरातल्या मेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची. नाव घेतलं की झोळीखाली चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि थांबायचं. ज्या नावाला पोर गप्प होईल ते नाव त्याचं. तन्वीला हे सांगितलं तर ती म्हणेल, आत्या, त्याला कोलिक होता. असेल. पण कोलिकला तेव्हा आमच्या गावात कुणी ओळखत नव्हतं, पणजोबांना मात्र सगळे ओळखत होते.

बारशाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आजी पाटावर बसली. पुढ्यात तांदळाचं सूप. बाबा उंबऱ्यावर, कारण या कामात पुरुषाने आत बसायचं नसतं आणि बाहेर जायला त्यांचा पाय निघत नव्हता. आई झोळीच्या एका बाजूला, मी दोरी धरून दुसऱ्या बाजूला. काकी चुलीशी पाठ करून उभी. आणि न बोलावता आलेली शेजारची जमनामावशी. ही बाई कुणाच्याही घरी काही घडायच्या आत हजर असायची, नाहीतर घडलेलं तिला खरं वाटायचं नाही.

“धर्मा,” आजी म्हणाली. सासऱ्याचं नाव एरवी तिने मरतानाही घेतलं नसतं, पण या एका वेळेला सूट असते. तांदूळ पडले. पोर रडत राहिलं. “काळू.” रडत राहिलं. “पोशा.” हा आजीचा दीर, नारळाच्या झाडावरून पडून गेलेला. पोराने श्वास घेतला आणि आणखी मोठ्याने सूर लावला. “गोपाळ.” नाही. मग आजी जरा थबकली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “नवशा.”

नवशा म्हणजे माझ्या आजोबांचा चुलता. त्याने ताडीच्या पायी होडीचं शीड विकलं होतं, मग होडी, आणि शेवटी बायकोची जोडवी. आमच्या घरात कुणी पैसा उडवला की ‘नवशा आला अंगात’ म्हणत. आणि काय सांगू, नवशाचं नाव घेतलं आणि पोर गप्प झालं. अगदी गप्प. डोळे उघडून झोळीच्या कापडाकडे बघायला लागलं. आजीचा हात सुपातच राहिला. जमनामावशीच्या तोंडाचा आ झाला. मी आईकडे बघत होते म्हणून मला दिसलं. आईचा हात झोळीच्या खालून गेला आणि तिने पोराच्या मांडीला असा सणसणीत चिमटा काढला की ते घर डोक्यावर घेऊन किंचाळलं.

“नाय नाय, तो नाय,” आई म्हणाली. “पुडं घ्या.”

मी हसू दाबायला तोंड फिरवलं तर समोर बाबा, उंबऱ्यावर मान खाली घालून खांदे हलवतायत. सगळ्या त्या आठवड्यात घरात कुणी हसलं असेल तर तेवढंच.

आजीने आणखी नावं घेतली. तिच्या माहेरची घेतली, जी खरं म्हणजे घ्यायची नसतात. पोर थांबेना. आवाज बसत चालला होता, आणि बसलेला आवाज मोठ्या आवाजापेक्षा वाईट. आईने त्याला झोळीतून काढून छातीशी लावलं, त्याने मान फिरवली. तांदूळ संपले. आजी रिकाम्या सुपाकडे बघत बसली.

तेव्हा जमनामावशी म्हणाली, “एक नाव रायलं, म्हातारे.”

तीच पुढे म्हणाली, “बोल्ली तर वाईट दिसते. पन पोऱ्या जायल तुमचा. कोन आयला हाय ते सगल्यांना कलते. तुमीच तोंड शिवून बसल्या.”

आजी कडाडली. “माजा पोर जिता हाय! जित्याचं नाव ह्या सुपात नाय पडायचं.”

“जिता असंल तर पोर गप नाय बसनार, मंग भ्या कसला? घ्या की नाव.”

ही जमनामावशीची अक्कल. तिला कळत नव्हतं असं नाही, पण खोटं तरी ती काय बोलली होती? आता सगळं त्या एका नावावर येऊन अडकलं. नाव घ्यायचं आणि पोर गप्प झालं, तर काका मेला. घरात मेला, गावात मेला, आणि उद्या सकाळी काकीच्या कपाळाचं पुसायला हीच जमनामावशी सगळ्यांत आधी येणार. नाव नाही घ्यायचं तर पोर असं रडत रडत जाणार, अशी त्या घरातल्या प्रत्येकाची खात्री होती, माझीसुद्धा. आजीचा तो मुलगा, तिचं तोंड उघडणार नाही. बाबा भाऊ, ते उंबऱ्यावर दगड होऊन बसलेले. उरली आई. आईला दिराचं नाव घ्यायला कुणाची मनाई नव्हती. ती पोराला घट्ट धरून काकीच्या पाठीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता म्हणेल. एकदाचं म्हण, असं मला वाटलं. आणि लगेच वाटलं, आये, नको गं. आईने ओठ दातांखाली दाबले, आणि ती रडायला लागली. पोरापेक्षा मोठ्याने.

काकी चुलीपासून वळली. तिने पदर डोक्यावरून घेतला, नीट, लग्नाच्या पंगतीत घेतात तसा. आईच्या हातातून पोर घेतलं, झोळीत ठेवलं, माझ्या हातातून दोरी काढून घेतली. आणि झोळीला एक झोका देऊन मोठ्याने, अंगणापलीकडे ऐकू जाईल असं, म्हणाली:

“भरतीला गेली होडी, भरतीलाच येईल दारी,
हरेश्वररावांचं नाव उसनं देते बाळाला, धनी येईस्तोवरी.”

मला आधी काही कळलंच नाही. उखाणा? या वेळेला? पण बायकांना कळलं. आजीने झटकन मान वर केली. उखाण्यात नवऱ्याचं नाव कोण घेतं? ज्या बाईचा नवरा आहे ती. विधवेला कुणी नाव घ्यायला सांगत नाही आणि ती घेतही नाही. काकीने काकाचं नाव घेतलं, पण मेलेल्यांच्या रांगेत नाही. सवाष्ण म्हणून घेतलं, भरल्या चुड्याने, आणि ते बाळाला दिलं, तेही कायमचं नाही. शेजारणीला वाटीभर पीठ द्यावं तसं. परत घ्यायच्या बोलीवर.

आजी उठली. गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि जमनामावशीपुढे जाऊन उभी राहिली. “ऐकलं काय? उसनं दिलं तिने. मेलेल्या मानसाचं नाव कुनी उसनं देतं काय कदी?”

जमनामावशी दोन पावलं मागे सरली. असं मी तिला त्यानंतर कधी पाहिलं नाही.

आणि पोर? सगळ्या बायका पुढे आयुष्यभर सांगायच्या की नाव घेतलं आणि पोर तत्क्षणी गप्प झालं. दोरीच्या सगळ्यांत जवळ मी होते. ते लगेच गप्प झालं नाही. काकी झोके देत राहिली, आई शेजारी बसून हुंदके देत राहिली, आजी आणि जमनामावशी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि त्यात केव्हातरी रडणं उसासे होऊन थांबलं. मग आईने त्याला घेतलं आणि ते प्यालं. बाबा अंगणात गेले आणि वलांड्यांमधून येरझाऱ्या घालत राहिले. दुसऱ्या दिवशी बारशाला सासरहून आलेल्या आत्याबाईने कानात कुर्र करून ‘हरेश्वर’ सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. घरात एक हरेश्वर होता, आणि एक येणार होता.

आता नाव ठेवलं, पण काकीला ते घ्यायची पंचाईत. उखाण्यात घेतलं ते घेतलं, रोज कसं घेणार? म्हणून ती माझ्या भावाला ‘पाव्हण्या’ म्हणायची. “पाव्हण्या, जेवाला ये. पाव्हण्या, नाक पूस.” त्याचं न्हाणं, भरवणं, शाळेत सोडणं सगळं तीच करायची, आई पाटी घेऊन बाजाराला जायची. लोकांना वाटायचं पोर रखमाचंच. पण हाक मात्र पाव्हण्या.

हरेश्वर बोलायला लागला तसा त्याला एकच घोर लागला. खाडीच्या कडेने कुणी अनोळखी पुरुष पिशवी घेऊन येताना दिसला की हा पळत माझ्या मागे येऊन लपायचा. “बाय, त्यो आयला काय? नाव न्यायला आयला?” गावातल्या पोरांना ते कळलं आणि मग काय, ‘उसना हऱ्या, उसना हऱ्या’ म्हणून त्यांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. एक दिवस तो मला म्हणाला, “मला एक दुसरं नाव बगून ठेव ना. काका आयला तर मंग मी कोन?”

प्रश्न बरोबर होता. मी विचार केला आणि त्याला ‘सुनील’ हे नाव दिलं. आमच्या घरात कुणाचंच नसलेलं, अगदी तन्वीला आवडेल असं. आम्ही दोघं वलांड्यांखाली बसून त्याची तालीम करायचो. मी लांब जायचे आणि ओरडायचे, “सुनील!” त्याने ओ द्यायची. तो एकदाही द्यायचा नाही. तिथेच बसून राहायचा आणि मग रडवेला होऊन म्हणायचा, “मला ऐकायलाच नाय आलं.”

तो शाळेत जायला लागल्यावर एकदा उमरोळीच्या एका माणसाकडून निरोप आला. पलीकडच्या तुरुंगातून काही खलाशी सुटलेत, उद्या गाडीने बोईसरला उतरणार आहेत, त्यात आपल्या बाजूचेही आहेत. नावं कुणालाच ठाऊक नव्हती. काकीने रात्रभर घरातली सगळी भांडी घासली. सकाळी तिने लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, केसांत अबोलीची वेणी माळली. आजीला चालवत नव्हतं, ती खाटेवर उठून बसली आणि ‘जा, जा’ म्हणून हात हलवत राहिली. बाबा, काकी, मी आणि हरेश्वर निघालो. हरेश्वरला नवा सदरा. वाटेत त्याने माझा हात ओढून हळूच विचारलं, “नाव तितंच द्यायचं काय? स्टेशनवर? का घरी येऊन?”

मी म्हटलं, “काकी सांगेल तसं.”

“दिल्यावर लगीच जातं काय?”

मला रडू येत होतं. मी म्हटलं, गप चल.

गाडी आली. हार घेऊन आलेले लोक पुढे धावले. पाच-सहा माणसं उतरली, काळवंडलेली, नव्या कपड्यांत अवघडलेली, दाढ्या वाढलेल्या. लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या, बायकांनी गळे काढले. काकी पुढे गेली नाही. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, अगदी सावकाश, बाजारात मासा पारखतात तसं. मग बाबांनी त्यातल्या एकाला गाठून विचारलं. तो डहाणूकडचा होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, आठवून पाहिलं आणि मान हलवली. या नावाचा माणूस त्याला तिकडे कधी भेटला नव्हता.

परत येताना काकीने हरेश्वरला बर्फाचा गोळा घेऊन दिला. तो घेतला आणि खाईना. त्याचे हात लाल रंगाने भरले, पाणी नव्या सदऱ्यावर ओघळलं. मग तो काकीकडे न बघता म्हणाला, “काकी, नाव अजून माज्याकडंच हाय.”

काकी चालता चालता थांबली. तिने पदराने त्याचे हात पुसले, सदरा पुसला. “हं,” ती म्हणाली. “ठेव. नीट सांबाल.”

त्यानंतर तिने स्टेशनवर जायचं नाव काढलं नाही. कुंकू मात्र तसंच, चुडा तसाच. आजी गेली, आई गेली, बाबा गेले. तीन नावं रिकामी झाली, पण तोवर जुनी नावं घ्यायची फॅशन गेली होती, ती तशीच पडून आहेत. मी लग्न होऊन पालघरला आले, बोईसरच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. हरेश्वरही तिथल्याच दुसऱ्या कारखान्यात लागला. तिथे हिंदी बोलणारे कामगार त्याला ‘हरीभाई’ म्हणायचे, आणि तो घरी येऊन काकीला ते सांगायचा, जणू काही नावाला कुठे खरचटलं नाही ना, याचा हिशेब देतोय. लग्नपत्रिका छापायच्या वेळी त्याने काकीला विचारलं होतं, छापू का हेच नाव? हा काय वेडेपणा, असं मी म्हटलं. काकी म्हणाली, “छाप. पन पाव्हना हाय तो.”

गेल्या भाद्रपदात काकी आजारी पडली ती उठली नाही. ती हरेश्वरच्या बोईसरच्या घरी होती. मी सकाळची जायचे, संध्याकाळी परत यायचे. ती अंथरुणातही स्वस्थ नसे, बोटांनी चादरीची शिवण चाचपत राहायची, जाळं विणताना चालतात तशी बोटं. त्या दिवशी दुपारी मी तिला पेज भरवत होते. जमनामावशीची सून बघायला आलेली, सासूचाच वारसा, खुर्ची ओढून बसलेली. हरेश्वर स्वयंपाकघरात काहीतरी धूत होता. काकीने चमचा बाजूला सारला आणि हाक मारली, “हरेश्वर.”

मी चमचा बशीत ठेवला. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी एकदाच ऐकलं होतं, आणि तेव्हाही त्याच्या मागे ‘राव’ होतं.

हरेश्वर ओल्या हातांनी दारात आला. पन्नाशीला टेकलेला माणूस, अर्धे केस गेलेले. “काकी,” तो म्हणाला, “काकाला बोलवतेस?”

“त्यांना नाय,” काकी म्हणाली. तिला धाप लागत होती पण शब्द स्वच्छ होते. “तुला. लय दिवस ठेवलंस. आता तुजंच ते. मी नाय मागनार.”

तो तिच्या खाटेपाशी खालीच बसला, ओले हात तसेच मांडीवर घेऊन, आणि लहान पोरासारखा रडला. काकीने त्याला परत हाक मारली, आणि परत. तीन-चार वेळा. उगाच, काही काम नसताना. जिभेवर त्याची चव बघितल्यासारखी.

दोन दिवसांनी ती गेली. बायका जमल्या. पाणी तापलं. आणि मग मला वाटलंच होतं, जमनामावशीच्या सुनेने विषय काढलाच. नेसवायचं काय? हिरवं कसं चालेल? म्हातारीने शेवटी स्वतःच्या तोंडाने नाव सोडलं की, ती म्हणाली, मी तिथे बसलेली होते, माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे तिने मानलं की तो गेला. मग कुंकू कसलं आणि चुडा कसला? दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. मी, एरवी जिभेला हाड नसलेली बाई, हिरव्या लुगड्याची घडी मोडत आणि परत घालत राहिले. कारण ती खोटं बोलत नव्हती.

हरेश्वर बाहेर पुरुषांत होता. त्याने ऐकलं असावं. तो दारात आला. बायकांच्या कामात पुरुषाने आत यायचं नसतं, तरी तो उंबरा ओलांडून आत आला, बाबांनी जे कधी केलं नाही ते.

“नाव दिलं ना तिने मला?” तो म्हणाला. “नाव दिलं. कुंकू नाय दिलं कुनाला. ते तिचं तिच्याकडंच हाय.”

मग आजवर मला ‘बाय’च म्हणणारा तो माझ्याकडे वळून म्हणाला, “काशी, हिरवं नेसव.”

मी काकीला हिरवं लुगडं नेसवलं, काकणं नीट सारली आणि कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, ती लावायची तेवढंच.